मेलेली मुलगी उठत नाही

“घाबरायचं नाही. घाबरतात ते गुंड. तू फक्त चकित व्हायचंस,” मोकबाक माझ्या कानाशी पुटपुटले, चार पायऱ्या खाली उतरले, काळा चष्मा नाकावर चढवला आणि त्यांनी मला गोळी घातली.

मी चकित झाले. हातातली पिशवी सुटली. संत्री टणाटण उड्या मारत जिन्यावरून खाली गेली आणि त्यांच्यामागून मी. आधी गुडघा, मग कंबर, मग खांदा आणि डोकं सगळ्यात शेवटी, कारण डोकं आपलं असतं, सिनेमाचं नसतं. कुर्त्याच्या आत बांधलेली लाल रंगाची पिशवी अगदी वेळेवर फुटली. जिन्याच्या चौकात मी आडवी झाले, गाल थंडगार लादीला टेकवला आणि मेले.

“कट!” खालून डायरेक्टर ओरडले. “मस्त! काय मस्त मेली पोरगी!”

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला चारचौघांत मस्त म्हटलं, तेही मेल्यावर. एरवी मी लाजून मरून गेले असते, पण ते तर आधीच झालेलं होतं.

सगळे हलायला लागले. माझ्या आधी जिन्यावर दोघं फायटर मेले होते, ते कपडे झटकत उठले. असिस्टंट डायरेक्टर केल्विनने त्यांच्या हातात एकेक लाल पाकीट ठेवलं. दोघांनी मान लववली, पाकिटं खिशात घातली आणि ‘चल, नूडल्स खाऊ’ म्हणत निघून गेले.

मग केल्विन माझ्या डोक्यावरून टांग टाकून वरच्या पायरीवर गेला आणि फोनमध्ये बघत म्हणाला, “ऊठ मुईमुई, झालं तुझं.”

मुईमुई म्हणजे छोटी. मी उठले नाही.

का उठले नाही, ते कळायला मोकबाक कोण ते कळायला हवं.

आम्ही हाँगकाँगमध्ये राहतो, तो-क्वा-वानला. जुनी इमारत, लिफ्ट नाही, आम्ही सहाव्या मजल्यावर. बाबा मूळचे वेंगुर्ल्याचे, इथे एका हॉटेलात कुक आहेत. मोकबाक आमच्या बरोबर खाली, पाचव्या मजल्यावर. ‘बाक’ म्हणजे वडलांहून मोठा माणूस, थोरले काका म्हणा ना. इथले गँगवाले सिनेमे तुम्ही पाहिले असतील, तर तुम्ही त्यांना ओळखाल. नाव मात्र सांगता येणार नाही. म्हातारा बॉस खुर्चीत बसून चहा पीत असतो, त्याच्यामागे भिंतीला टेकून एक माणूस नखं कापत उभा असतो ना, तो. बॉस मान हलवतो आणि हा जाऊन कुणालातरी मारून येतो. शेवटून दुसऱ्या मारामारीत हिरो याला मारतो, कारण शेवटच्या मारामारीला बॉस लागतो.

गालावरचा व्रण खरा आहे. सुरीचा नाही, सायकल शिकताना पडले होते. पण व्रण बघून कोण विचारतंय सायकलचं? इमारतीतल्या बायका त्यांना जिन्यात बघितलं की लेकरं पोटाशी धरायच्या. मंडईत मासळीवाली त्यांना कधीही शिळा मासा द्यायची नाही. “भीतीने देते,” मोकबाक म्हणायचे, “पण मासा ताजा असतो.”

हे आईला कळलं मात्र! वेंगुर्ल्याची बाई ती. दुसऱ्या दिवसापासून तिने मला मोकबाकांबरोबर मंडईत पाठवायला सुरुवात केली. तो भयंकर माणूस पुढे आणि त्याच्या मागे पिशवी घेऊन मी, अशी आमची वरात निघायची. लोक दोघांकडेही टक लावून बघायचे. त्यांच्याकडे व्रणामुळे, माझ्याकडे रंगामुळे.

तेव्हा मी तेरा वर्षांची होते. आज शाळेत वादविवादाच्या संघात मला पाहणाऱ्यांना पटणार नाही, पण तेव्हा मी ‘असू दे’ या दोन शब्दांवर जगत होते. गट पाडताना माझं नाव राहिलं, तर असू दे. नाव घेताना बाई अडखळल्या आणि ‘ती इंडियन मुलगी’ म्हणाल्या, तर असू दे. कॅन्टोनीज मी वर्गातल्या पोरींइतकंच फाडफाड बोलायचे, पण ते ऐकायला आधी तोंड उघडावं लागतं.

तर मोकबाकांना एक सिनेमा मिळाला. त्यात ते नेहमीसारखेच बॉसच्या मागे उभे, पण मध्ये एक प्रसंग होता. एका फितुराचा पाठलाग करताना ते जिन्यात एका मुलीला चुकून गोळी घालतात. मग तिथेच पायरीवर बसतात आणि बोलतात. अख्खं पानभर! जन्मभर ‘मारा’, ‘पकडा’ आणि ‘हो बॉस’ एवढंच बोललेल्या माणसाला पानभर बोलायला मिळणार होतं. महिनाभर त्यांच्या तालमीचा आवाज आमच्या फरशीतून वर यायचा. आई म्हणायची, “बरं नाही की काय गो त्यांना? कण्हतायत किती.”

शूटिंग आमच्याच जिन्यात व्हायचं होतं आणि मुलगी हवी होती जिन्यातून उतरणारी. मोकबाक म्हणाले, आमच्या वरच्या मजल्यावर एक आहे. बाबांनी हो म्हटलं. आई मात्र चवताळली.

“जित्या पोरीला मेलेली दाखवायची? अभद्र कुठचं!”

मग मोकबाक स्वतः वर आले. इस्त्रीचा कोट घालून, हातात फळांची पेटी. सोफ्याच्या कडेला अवघडून बसले. आईने चहा आणि गावाहून आलेला खाजा पुढे ठेवला. मधे बसून मी दुभाषी.

“त्यांना सांग,” आई म्हणाली, “मरणाचं सोंग आणणं म्हणजे यमाला घराचा पत्ता देणं. एकदा पत्ता कळला की तो विसरत नाही. आमच्याकडे असलं खपवून घेत नाहीत.”

“आईला जरा काळजी वाटते,” मी म्हणाले.

मोकबाकांनी खाजा चघळत माझ्याकडे पाहिलं. “ती एवढं बोलली आणि तू एवढंसंच?”

मग मी सगळं सांगितलं. यम, पत्ता, सगळं. ते हसले नाहीत. कप खाली ठेवून म्हणाले, “बरोबर आहे तिचं. म्हणून तर आमच्या धंद्यात रीत आहे. जो मरतो त्याला कट झाल्या झाल्या लाल पाकीट द्यायचं. आत किती, ते महत्त्वाचं नाही. पाकीट हातात पडलं की मरण तिथेच राहतं. पाकिटाशिवाय उठलं तर ते अंगाला चिकटून घरी येतं. मी एवढ्या वेळा मेलोय, पण पाकिटाशिवाय एकदाही उठलो नाही. आमच्या घरातला पंखा आणि भाताचा कुकर, दोन्ही मरूनच घेतलेत.”

मी सांगत गेले तशी आईच्या कपाळावरची आठी सुटत गेली.

“म्हणजे आपण मीठ-मोहऱ्या उतरून टाकतो, तसंच की,” ती म्हणाली. “मग हे आधी नाही का सांगायचं? खाजा घ्या अजून.” आणि माझ्याकडे वळून तिने बोट उगारलं. “पण ऐक. पाकीट हातात घेतल्याशिवाय उठायचं नाही. मी बघायला येणार नाही, मला बघवणार नाही. पण पाकिटाशिवाय तू या घरात पाऊल टाकायचं नाहीस.”

कळलं? म्हणून मी उठले नाही.

“मुईमुई, ऊठ ना,” केल्विन म्हणाला. “पुढच्या शॉटमध्ये तू नाहीस. मोकबाक एकटेच आहेत.”

मी तशीच.

“बेशुद्ध पडली की काय?” मेकअपवाली फान मावशी धावत आली. तिने माझ्या नाकाखाली बोट धरलं. तिच्या हाताला पावडरचा आणि तळलेल्या माशाचा वास येत होता. “श्वास चालू आहे. अगं बाळा, लागलं का कुठे?”

मी एक डोळा उघडला. “पाकीट,” मी म्हणाले.

“काय?”

“पाकीट राहिलं.”

फान मावशीने माझ्याकडे पाहिलं, मग केल्विनकडे पाहिलं. “दिलं नाहीस तिला?”

केल्विन हसला. वाईट नव्हता तो, पण त्याचे दोन फोन एकदम वाजायचे आणि तो कुणाशीही बोलताना तिसरीकडेच असायचा. “अगं, ते आपल्या लोकांसाठी असतं,” तो मला म्हणाला. “तुम्ही इंडियन. तुमचे देव वेगळे. तुला नाही काही होणार.”

हे ‘आपल्या लोकांसाठी’ तो इतक्या प्रेमाने म्हणाला, की माझ्या तोंडातून सवयीने ‘असू दे’ निघणारच होतं. अगदी जिभेच्या शेंड्यावर आलं होतं. पण वर आई पाटावर बसली होती, देवाकडे तोंड करून. आणि शिवाय गंमत बघा, मी आडवी होते. उभं असताना माझे पाय कापायचे, घसा सुकायचा. आडवं पडल्यावर कापायला काही उरतच नाही.

“गोळी घालताना विचारलंत का, देव कुठले म्हणून?” मी म्हणाले.

लाइटवाला शिडीवर फिसकन हसला. केल्विनचे कान लाल झाले.

“हे बघ, मी दोनच आणली होती. संपली. नंतर देतो. ऊठ.”

“नंतर चालत नाही. मेलेली मुलगी आपणहून उठत नाही.”

“कोणी सांगितलं तुला हे?”

“मी,” मोकबाक म्हणाले.

ते एवढा वेळ रेलिंगला टेकून उभे होते, ओठ हलवत पानभर भाषण घोळवत होते. आता त्यांनी काळा चष्मा काढला, खिशात ठेवला आणि माझ्या डोक्यापाशी पायरीवर बसले. पँटची इस्त्री मोडू नये म्हणून गुडघ्यापाशी चिमटीत धरून, सावकाश.

“मी मारलेल्या माणसाला पाकीट मिळाल्याशिवाय मी पुढचं वाक्य बोलत नाही,” ते म्हणाले. “माझी रीत आहे ती. विचार कुणालाही.”

“खरं आहे,” शिडीवरून लाइटवाला म्हणाला. “मला एकदा यांनी समुद्रात बुडवलं होतं. पाकीट येईपर्यंत स्वतः पाण्यात उभे राहिले.”

“मोकबाक,” केल्विनचा आवाज खाली आला. गोड झाला. तो गोड आवाज मला मुळीच आवडला नाही. “ऊन चाललंय. ही जागा आजच्याच दिवस आहे. तुम्ही बोलणार नसाल, तर हे भाषण मी टोळीत तुमच्या मागे उभं राहणाऱ्या त्या पोराला देतो. तो एका मिनिटात पाठ करेल. मग सिनेमात गोळी तुमची आणि भाषण त्याचं. चालेल?”

शिडीवरचा लाइटवाला दुसरीकडे बघायला लागला.

माझा गाल लादीवर होता, त्यामुळे मला मोकबाकांचा चेहरा दिसत नव्हता. फक्त बूट दिसत होते. काळे, पॉलिश केलेले, टोकदार, खलनायकाचे बूट. उजव्या बुटाचं टोक थरथरत होतं. महिनाभर आमच्या फरशीखालून येणारा तो आवाज माझ्या कानात वाजायला लागला. रात्रीच्या जेवणाआधी एकदा, जेवणानंतर एकदा. मला ते भाषण त्यांच्याइतकंच पाठ झालं होतं.

“मोकबाक,” मी ओठ न हलवता कुजबुजले, “असू दे. मी उठते. आईला सांगेन, मिळालं म्हणून.”

त्यांनी खाली बघितलंही नाही.

“मेलेली माणसं बोलत नाहीत,” ते म्हणाले.

झालं. आता उठायचा प्रश्नच नव्हता.

केल्विनने सुस्कारा सोडला. खांद्यावरची बॅग उघडली, आत हात घातला, कागदपत्रांसाठी ठेवलेल्यातलं एक पाकीट काढलं, त्यात एक नोट कोंबली आणि वरूनच माझ्या छातीवर टाकलं. “हे घे. झालं समाधान?”

पाकीट पांढरं होतं.

“चोई!” फान मावशी किंचाळली आणि तिने चटकन बाजूला थुंकल्यासारखं केलं. वाईट शब्द किंवा वाईट खूण समोर आली, की इथल्या बायका असं करतात. शिडीवरच्या लाइटवाल्याने काही न बोलता दिवा बंद केला. पंखा धरणारा माणूस पंखा बंद करून भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. पांढरं पाकीट इथे एकाच ठिकाणी नेतात, मयताच्या घरी. आणि ते माझ्या छातीवर होतं, रक्ताच्या डागावर, आणि डोळे उघडे टाकून मी खाली मेलेली.

“अरे, रंगात काय आहे?” केल्विन म्हणाला. “पैसे तेच ना? तिला काय कळतंय?”

मला सगळं कळत होतं. त्या क्षणी मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्यातरी झिंज्या ओढणार होते. पण मेलेली माणसं झिंज्याही ओढत नाहीत.

तेवढ्यात वरच्या मजल्यावर चपला वाजल्या. त्या चपला मी कुठेही ओळखेन.

आईला वाट बघणं कधी जमलं नाही. ती आली ती थेट, पदर खोचलेला, डाव्या मुठीत मीठ-मोहऱ्या. चौकाच्या वरच्या पायरीवर तिचं पाऊल थबकलं. खाली तिची लेक पडलेली, छातीवर लालभडक डाग, आणि डोक्यापाशी गावातला सगळ्यात भयंकर माणूस. मला वाटलं, आता ही ओरडणार.

“काय ता?” आई म्हणाली. चिडली की तिची मालवणी बाहेर येते. “मिळालां?”

“नाही,” मी म्हणाले. “म्हणजे दिलंय, पण पांढरं दिलंय. पांढरं मयताला नेतात इथे. म्हणतो, तुमचे देव वेगळे, आणि रंगात काय आहे?”

आई दोन पायऱ्या उतरली. वाकली. माझ्या छातीवरचं पांढरं पाकीट तिने दोन बोटांनी उचललं, पालीचं शेपूट उचलावं तसं. मग ती केल्विनसमोर गेली. तो तिच्याहून हातभर उंच. आईने त्याच्या शर्टाच्या खिशात ते पाकीट नीट घातलं आणि वरून खिशावर दोनदा थापटलं.

केल्विन विंचू चावल्यासारखा उडाला! खिशात हात घातला, पाकीट काढलं, ते कुठे ठेवावं कळेना, या हातातून त्या हातात, शेवटी रेलिंगवर ठेवलं आणि हात पँटला पुसले.

“उडतंस कित्याक?” आई त्याला मराठीतच म्हणाली. “रंगात काय आसा?”

मी हे भाषांतर करून सांगितलं. एकही शब्द न गाळता.

लाइटवाल्याला शिडी घट्ट धरावी लागली. फान मावशी भिंतीला टेकून पोट धरून हसत होती. मोकबाकांच्या घशातून घर्र घर्र असा आवाज आला. ते हसतात असं मला तोवर माहीतच नव्हतं.

आणि मग आईने जे केलं ते मी कधी विसरणार नाही. तिने पदर सावरला आणि मोकबाकांच्या शेजारी पायरीवर फतकल मारून बसली. एकीकडे खुनी, दुसरीकडे आई, मध्ये मी.

“तेका सांग,” ती म्हणाली, “माझं चेडू मेलेलं आहे. घाई नाही आम्हाला.” मग माझ्याकडे न बघता, हळूच, “उठू नकोस गो.”

केल्विनच्या हातातला वॉकीटॉकी खरखरला. डायरेक्टर विचारत होते, काय गोंधळ आहे, ऊन चाललंय. केल्विन बोलायच्या आत मोकबाकांनी त्याच्या हातून वॉकीटॉकी घेतला.

“सर, मुलगी मेली आहे,” ते त्यांच्या सिनेमातल्या आवाजात म्हणाले. “तुम्ही वर या.”

डायरेक्टर वर आले ते धापा टाकत, कानावर हेडफोन तसाच. ठेंगणे, टकले, चिडके. त्यांनी आम्हाला पाहिलं. रेलिंगवरचं पांढरं पाकीट पाहिलं. बंद दिवा पाहिला.

“कुणाचं हे?”

केल्विन बुटांकडे बघत होता.

“मेले किती जण?” डायरेक्टरनी विचारलं.

“तीन,” केल्विन म्हणाला.

“मग आणली दोनच? तिसरी कोण, मांजर?”

डायरेक्टर अजून काहीतरी लागट बोलणार होते, पण त्यांचं लक्ष पुन्हा आमच्याकडे गेलं. ते मागे सरकले. दोन्ही हातांची चौकट करून तिच्यातून आमच्याकडे बघायला लागले. पायरीवर बसलेला म्हातारा गुंड, त्याच्या बुटांपाशी मी.

“असंच,” ते म्हणाले. “असंच घ्यायचं. भाषणाला मुलगी समोर हवी. रिकाम्या फरशीकडे बघून कोण बोलतं? मुईमुई, आहेस तशीच राहा.”

“आधी पाकीट,” मी म्हणाले. “मग पुन्हा मरायचं असेल तर पुन्हा एक.”

बापरे. हे मी म्हणाले? मीच म्हणाले. आई म्हणाली, “काय सांगितलंस?” मी तिला सांगितलं. “बरोबर,” आई म्हणाली.

डायरेक्टर माझ्याकडे बघत राहिले. मग मोकबाकांकडे. मोकबाकांनी खांदे उडवले. “एका मरणाला एक, सर. रीत आहे.”

“केल्विन,” डायरेक्टर म्हणाले, “खाली उदबत्तीचं दुकान आहे. पळ.”

केल्विन पळाला. परत आला तेव्हा त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता आणि हातात लाल पाकिटांची अख्खी गड्डी होती, सोनेरी अक्षरांची. त्याने एक डायरेक्टरकडे दिलं. डायरेक्टर गुडघ्यावर बसले, दोन्ही हातांनी पाकीट पुढे केलं आणि म्हणाले, “वाईट ते सगळं इथंच राहू दे.”

मी उठून बसले. दोन्ही हातांनी घेतलं. मोकबाकांनी मान डोलवली. आईने मूठ उघडून माझ्यावरून मीठ-मोहऱ्या उतरल्या, तीनदा, आणि डायरेक्टरना बाजूला सारून खिडकीतून बाहेर टाकल्या. कुणीही हसलं नाही. फान मावशी तर हात जोडून उभी होती.

मग माझ्या छातीवर नवीन लाल रंग लावला. दिवा लागला. पंखा फिरला. आई वरच्या वळणावर जाऊन बसली, कॅमेऱ्याला दिसणार नाही अशी. आणि मी दुसऱ्यांदा मेले. या वेळी मला शिकवावं लागलं नाही.

“अ‍ॅक्शन.”

मोकबाक गुडघ्यावर हात टेकून माझ्याकडे वाकले. त्यांचा श्वास ऐकू येत होता. मला भाषण पाठ होतं ना, म्हणून मी मनातल्या मनात पहिलं वाक्य म्हटलं: ‘कोण होती, कुणास ठाऊक. माझ्या वाटेत आली.’

“ही कोण होती, मला ठाऊक आहे,” मोकबाक म्हणाले.

हे कागदावर नव्हतं.

“हिचं नाव इरा पालूलेका,” ते म्हणाले. त्यांना परुळेकर म्हणता येत नाही, पण त्यांनी ते अख्खं म्हटलं, सगळ्या अक्षरांवर पाय ठेवत, जसं बॉसचं नाव घेतात तसं. “सहाव्या मजल्यावरची. ही कुणाच्या वाटेत आली नव्हती. हा जिना हिचा होता. वाटेत आलो तो मी.”

मला केल्विनची कुजबुज ऐकू आली, “हे स्क्रिप्टमध्ये नाही.” आणि डायरेक्टरचं लांबलचक, रागीट “श्शू!”

आईला कॅन्टोनीज येत नाही. मासे, किती, महाग, जा, एवढंच येतं. त्या सगळ्या भाषणातला तिला एकच शब्द कळला, तिचं आडनाव. आणि शाळेत हजेरी घेतात तेव्हा द्यावी तशी तिने वरच्या वळणावरून, सगळा जिना दणाणेल अशी, खणखणीत ओ दिली.

“होय!”

दिवा हलला. मोकबाकांनी वर आवाजाच्या दिशेला बघून सावकाश मान खाली घातली आणि पुढचं वाक्य बोलायला घेतलं.

डायरेक्टर कट म्हणालेच नाहीत. सिनेमात आईचं ते ‘होय’ आहे, जाऊन ऐका. तिथे प्रेक्षक दचकतात म्हणे. मला मात्र तेव्हा पोटातून हसू फुटत होतं, आणि मी मेलेली होते, म्हणून हसता येत नव्हतं.